एका वाकळेसाठी वडूज गाठलं

लेकीला मुलगी झाली आणि सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरात पांघरुणांचा ढीग लागला. गुलाबी, मऊ, अस्वलांची चित्रं असलेली, सगळी दुकानातली. लेक मात्र एकाच गोष्टीवर अडून बसली होती. "पप्पा, बारशाला अक्काआत्याच्या हातची वाकळ पाहिजे." तुमच्याकडे तिला गोधडी म्हणत असतील, आमच्याकडे वाकळ. लेकीचं म्हणणं खोटं नव्हतं. माझी फौजेतली नोकरी, दर तीन वर्षांनी बदली, पण तिचं अख्खं बालपण अक्कानं शिवलेल्या एकाच वाकळेत गेलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वय बहात्तर, मुक्काम वडूज. बारशाला आठ दिवस होते. मी मोटारसायकल पुसायला घेतली.

फोनवर अक्काला फक्त "येतोय" एवढंच सांगितलं. म्हटलं, गेल्यावर चकित करू. सांगलीच्या पेठेतून चार मीटर उत्तम सुती कापड घेतलं आणि सकाळी सातला निघालो. ज्यांना हा रस्ता करायचा आहे त्यांना सांगतो, जानेवारीत जायचं असेल तर सातच्या आतच निघा. नंतर पलूस-कुंडल भागात उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात आणि मग एका ट्रॅक्टरच्या मागं अर्धा तास निमूटपणे जावं लागतं. रस्ता बरा आहे, खड्डे असतील तिथं अचानक आहेत. जाऊन-येऊन साडेपाचशेचं पेट्रोल लागलं.

पहिला थांबा कडेगाव. तिथं माझी थोरली मेव्हणी रत्नाताई असते. पोहे आणि चहा झाल्यावर मी ऐटीत कापड उलगडून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"आवं पाव्हणं, नव्या कापडाची वाकळ कोण शिवतंय का? धुतल्यावर आकसंल, सुरकुत्या पडत्याल. आन् बाळाच्या अंगाला बोचंल ते येगळंच."

"मग?"

"झिजल्यालं लागतंय. वापरून वापरून मऊ झाल्यालं."

तिनं ट्रंकेतून स्वतःचं जुनं इरकली लुगडं आणि भाऊजींचं धोतर काढून दिलं. माझं नवं कापड तिनं ठेवून घेतलं, झबली शिवायला. चोवीस वर्षं फौजेत राहून ही अक्कल मला आली नव्हती. आत भरायला म्हणून बायकोनं दिलेल्या तिच्या दोन जुन्या साड्या माझ्याकडे होत्याच, त्यात ही भर पडली.

कडेगावहून विटा, मग मायणीमार्गे वडूज. ऊस मागं पडतो, रान कोरडं होत जातं आणि दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी दिसते. वाटेत एका शेतकऱ्यानं हुरडा खाऊ घातला आणि पैसे विचारल्यावर रागावला. हा भाग बघायला कुणी मुद्दाम येत नाही, याचं मला नेहमीच वाईट वाटतं.

अक्का दारातच बसली होती. गाठोडं तिच्या पुढ्यात सोडलं, बारशाचं सांगितलं. तिनं लुगडं हातात घेतलं, कुरवाळलं आणि परत माझ्याकडं सरकवलं.

"न्हाई जमायचं, बाळू. मी टाका सोडला."

मला कळेना. तिची सून शोभा आतून आली आणि हळूच म्हणाली, "मामा, दोन वर्सामागं डोळ्याचं आपरेशन झालं, पण एका डोळ्याला आता दिसत न्हाई. दुसऱ्यानं अंधूक दिसतंय. फोनवर सांगू नगं म्हणाल्या."

दोन वर्षं मी दर रविवारी फोन करत होतो आणि दर रविवारी ती "बरं हाय" म्हणत होती. मला माझीच लाज वाटली. या गल्लीत एकेकाळी लोक म्हणायचे की अक्काच्या वाकळेवर मुंगी सोडली तर ती सरळच चालेल. नव्या सुनांना शिकायला तिच्याकडं पाठवायचे.

"जमंल तसं शीव," मी म्हटलं.

"वाकडा टाका माझ्या नावावर नगं. त्यापरीस दुकानातलं आण."

त्या संध्याकाळी भाकरी, शेंगदाण्याचा म्हाद्या आणि खर्डा असा बेत होता. एरवी मी चार भाकऱ्या खातो. तेव्हा दोनच गेल्या.

सकाळी अंगणात ऊन आल्यावर मी स्वतःच कामाला लागलो. शोभानं सतरंजी अंथरून दिली. खाली धोतर, मध्ये साड्यांच्या घड्या, वर लुगडं, चार कोपऱ्यांना चार दगड. कडा आत दुमडल्या आणि सुई घेतली. फौजेत बटण, बिल्ला सगळं आपलं आपण शिवायचं असतं, त्यामुळं हात अगदीच अडाणी नव्हता. पहिली ओळ कडेनं घालत निघालो. समोरून जाणारे एक ओळखीचे म्हातारे थांबले.

"काय हवालदार, घरात बायका न्हाईत व्हय?"

मी काही बोलायच्या आत पायरीवर पावटा सोलत बसलेली अक्का कडाडली. "बंदूक धरून हात बाटला न्हाई, सुई धरून बाटतोय व्हय रं?"

म्हातारे निघून गेले. पण आता अक्कालाही पायरीवर बसवेना. चाचपडत आली, माझ्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"ह्यो टाका हाय का बैलाचं दावं? उसव."

उसवलं. दुसऱ्यांदाही उसवायला लावलं. तिसऱ्या वेळी तिनं चारही बाजूंनी बोट फिरवलं, नुसतं "चालंल" म्हणाली आणि तिथंच मांडी घालून बसली. मग डाव्या हाताचं बोट माझ्या ओळीवर ठेवलं, त्या बोटाच्या रुंदीएवढं अंतर आत सोडलं आणि म्हणाली, "सुई वव."

मी सुई ओवून दिली. तिचा पहिला टाका पडला, दुसरा पडला. डावं बोट माझ्या ओळीवरून पुढं सरकत होतं आणि उजवा हात त्याच्या मागोमाग चालत होता. कोपरा आला, वळली. मी दहा सुया ओवून टोपीला टोचून ठेवल्या. एक संपली की ती हात पुढं करायची.

"अक्का, दिसतंय तुला?"

"पयल्या वळीला डोळा लागतोय रं. म्होरलं सगळं बोटानंच असतंय. मीच इसरली हुती."

दुपारी तिनं शोभाला बोलावलं. "खरं सांग, वाकडी हाय का?" शोभा वाकून बघत राहिली. परेडच्या रांगा तपासाव्यात तसं मी जमिनीला गाल लावून पाहिलं. सहाच्या सहा ओळी सरळ होत्या. लुगड्याच्या जाड काठापाशी एक टाका हलला होता, पण तो आम्हाला दिसायच्या आधीच तिच्या बोटाला लागला होता आणि ती तो उसवत होती. माझी छाती कधी नव्हे एवढी फुगली. पदक मिळालं तेव्हासुद्धा इतकी फुगली नसेल. मी तिला तसं सांगितलंही. "गप बस, सुई वव," म्हणाली, पण हसत होती.

तीन दिवसांत बाळाची वाकळ पुरी झाली. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका बघायला आल्या, हात फिरवून गेल्या. अक्का पाठ ताठ करून बसली होती.

बारशाला वाकळ पाळण्यात अंथरली. जावयांच्या आईंनी विचारलं, कुठल्या मशीनवर शिवली? मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या बोटावर. आणि पहिली ओळ माझी आहे, हेही येईल त्याला दाखवत सुटलो. बायको म्हणाली, आता पुरे करा. पण खरं सांगतो, दुकानातली अस्वलं अजून कपाटातच आहेत. नात दुसऱ्या कशात झोपतच नाही. दोन घरांतली झिजलेली कापडं अंगाला लागली की तिचं रडणं थांबतं. हे मी रोज बघतो आणि रोज तेवढाच खूश होतो.

परवा अक्काचा फोन आला.

"पोरगी झोपती का त्यात?"

"झोपती की."

"मग ऐक. गल्लीतली दोन गाठोडी आल्यात माझ्याकडं. पयली वळ घालायला ये."

"शोभा आहे ना?"

"तिला शिकवतीया. तवर तू ये. आन् येताना चष्मा आण."

"चष्मा कशाला?"

"तुझी पयली वळ दोन जागी वाकडी हुती, बाळू. तू जेवाय गेल्तास तवा मी सरळ करून घेतली."