बाबांना जागा धरायला बसवलं ती दुपार

आधीच सांगते, मी वैतागून लिहितेय. इथले भुताखेतांचे अनुभव मी चार-पाच वर्षं वाचतेय आणि खाली "झोप झाली नसेल", "डॉक्टरला दाखवा" अशा कॉमेंट टाकणाऱ्यांत मीच असायची. उलटे पाय, पांढरी साडी वगैरे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. अजूनही शिरत नाही. पण माझ्या बाबतीत जे झालं त्यात साडी नाही, रात्र नाही... दुपारचा दीड वाजला होता आणि बाजूला लोक भजी तळत होते.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. बाबा रेल्वेत गार्ड होते, शेवटची बदली रायपूरला झाली आणि इथेच रिटायर झाले. चौबे कॉलनीतल्या घरात आम्ही दोघंच राहतो — बाबा अठ्ठ्याहत्तर, मी सत्तेचाळीस. मी नव्या राजधानीतल्या एका ऑफिसात नकाशे काढते. आईला जाऊन पंचवीस वर्षं झाली. ती नागपूरच्या दवाखान्यात आठ दिवस होती, तीन वेळा बाबांना निरोप गेला, आणि बाबा आले ते सगळं आटोपल्यावर तिसऱ्या दिवशी. का आले नाहीत ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तेव्हापासून मी त्यांचं सगळं करते — आता तर औषधं, आंघोळ, तिन्ही वेळचं इन्सुलिनही — पण हसून करत नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

गुडघ्यांमुळे बाबांना आता रेल्वेच्या पायऱ्या चढवत नाहीत. रेल्वेच्या माणसाला रेल्वेत चढता येत नाही म्हणून ते दिवसभर खिडकीत कुढायचे. शेवटी मी एक सेकंड-हँड पांढरी व्हॅन घेतली. मागची सीट काढून गादी टाकली, सदर बाजारातून पडद्याचं कापड आणलं, छोटा गॅस आणि इन्सुलिनसाठी बर्फाचा डबा ठेवला. महिन्यातून दोनदा शनिवारी निघायचं, नव्या रायपुरात एका तलावाच्या काठी मुक्काम करायचा आणि रविवारी संध्याकाळी परत. सरकारने तिथे शेकडो रोपं लावलीत, पण ती कमरेएवढी. सावली एकाच झाडाची — पूर्वीच्या गावाचा एक जुना आंबा. त्याच्याखाली एकच गाडी मावते.

तंबू असला की तो तिथेच सोडून कुठेही जाता येतं. व्हॅनचं तसं नाही. घरच चाकांवर, ते घेऊन पाणी आणायला गेलात की मागे जागा मोकळी! मी सगळं करून पाहिलं. चटई अंथरून चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या — परत आले तर बारा जणांचं कुटुंब माझ्याच चटईवर जेवत होतं, वर मलाच म्हणाले, "आइए दीदी, बैठिए." खुर्चीवर टॉवेल टाकला — खुर्ची उचलून बाजूला ठेवली, टॉवेलची घडी करून. दोरी बांधली तर तिच्यावर कुणीतरी ओले कपडे वाळत घातले. माझं डोकं फिरायचं.

त्या रविवारी कुकरची एक शिट्टी झाली आणि गॅस संपला. बाबांना जेवणाच्या अगदी आधी बारा युनिट इन्सुलिन द्यायचं असतं. जेवण नाही तर सुई नाही. सव्वाबारा झाले होते. अभनपूरच्या रस्त्याला गॅस भरून मिळतो, वीस-पंचवीस मिनिटांचं काम. समोर दोन गाड्या आंब्यावर डोळा ठेवून उभ्याच होत्या. मी बाबांना खाली खुर्चीवर बसवलं, हातात काठी आणि पाण्याची बाटली दिली आणि म्हटलं, "इथंच बसा. कोणी आलं त उठायचं नाही. मी आलीच."

एसटीत सीटवर रुमाल टाकतात तसं मी माझ्या बापाला तिथे टाकून गेले.

पहिलं दुकान बंद. दुसऱ्या दुकानात माणूस जेवायला गेलेला, त्याची वाट पाहिली. सव्वा तास गेला. इन्सुलिन, साखर मोजायचं मशीन, सगळं माझ्याबरोबर व्हॅनमध्ये होतं. परत येताना मी मोठमोठ्याने स्वतःलाच शिव्या देत होते.

जागा मोकळी होती. बाबा खुर्चीत होते, आणि चांगले खुशीत दिसत होते.

"काय राह्यलं व आता?" मला पाहून ते म्हणाले.

"काय राह्यलं म्हणजे? गॅस आणला. भूक लागली असन न तुम्हाले."

"मंग जेवण आण न लवकर. सुई देऊन गेली, आन् जेवणाचा पत्ता नाही."

"कोणती सुई?"

"पोटात दिली ते! झाले असन पंधरा-वीस मिनिटं."

"बाबा, मी आत्ताच येऊन राहिली."

"मंग इतका वेळ माह्याजवळ कोण बसून होतं?"

खरं सांगू? मला पहिल्यांदा रागच आला. गुडघे झाले, साखर झाली, आता हेही माझ्याच नशिबात! मी गाडीतून बर्फाचा डबा आणला. बाबांनी दोन्ही हातांनी शर्ट घट्ट धरला.

"एक देलं न व! दोन देऊन मारतं का मले?"

"तुमच्या ध्यानात राहून नाही राहिलं. हात काढा."

"नाही काढत."

मी त्यांचा हात ओढला. जोरात ओढला. बाजूची माणसं पाहत होती. शेवटी म्हटलं, ठीक आहे, साखर मोजू आणि मग पाहू कोण खरं. मशीन मी त्यांच्या काळजीने काढलं नव्हतं... त्यांना खोटं पाडायला काढलं होतं.

अठ्ठावन्न.

सुई न घेता दुपारी त्यांची साखर दीडशेच्या खाली कधी येत नाही. मशीन बिघडलं असेल म्हणून दुसऱ्या बोटावर मोजली — छप्पन्न. तोवर त्यांच्या कपाळावर घाम आला होता. चहाच्या डब्यातली साखर पाण्यात ढवळून मी त्यांना घाईघाईने पाजली, अर्धी शर्टावर सांडली. शर्ट वर केला तर बनियनवर डाव्या बाजूला मोहरीएवढा रक्ताचा ठिपका. सकाळची सुई मी उजवीकडे दिली होती.

आमची धावपळ पाहून भजी तळणाऱ्या कुटुंबातली एक बाई आली.

"क्या हुआ दीदी? बाबूजी तो अभी अच्छे-भले बतिया रहे थे आपसे."

"मुझसे?"

"हव. आप यहीं नीचे बैठी थीं, उनके पैर दबा रही थीं. हम दो बार पूछने आए, कब उठोगे करके. आप बोलीं, जगह हमारी है, हम नहीं उठने वाले." ती जरा फुरंगटूनच बोलत होती, तिलाही आंब्याखालीच बसायचं होतं. "फिर आप गाड़ी लेके गईं और अभी आ गईं."

"कपड़े कौन से थे?"

"यही पीला कुर्ता. क्यों?"

मी तिच्याशी जवळजवळ भांडलेच. नीट पाहिलं का, दुसरी कुणी असेल, गाडी दुसरी असेल... बिचारी दोन पावलं मागे सरकली. नंतर मी डब्यातलं इन्सुलिन पाहिलं. इन्सुलिनचं जुनं पेन सकाळीच संपलं होतं. नव्या पेनचं खोकं फोडलेलंही नव्हतं.

मी तिथे सुई दिली असती तर? दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना हेच विचारलं. ते म्हणाले, "वेळेवर जेवले नाहीत, उतरली साखर. वयात होतं असं." आणि मग, "अजून बारा युनिट गेलं असतं तर मात्र..."

आता कॉमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. साखर कमी झाली की माणसाला भ्रम होतो. मान्य. बाबांना झाला. मग त्या बाईला काय झालं होतं? दोन आठवड्यांनी मी बाबांना पुन्हा आंब्याखाली बसवलं, गाडी तलावाच्या बांधाआड लावली आणि तासभर लपून पाहत राहिले. कुणीही आलं नाही. बाबा नुसते बसून होते, एकदा खोकले.

पण मी वैतागलेय ते यामुळे नाही. त्या रविवारी घरी परतताना बाबा पुढच्या सीटवर होते. साखर आता ठीक होती, पोटभर जेवलेही होते. टोलनाक्याच्या आधी ते एकदम म्हणाले, "बरं झालं तू आज विचारलं."

मला वाटलं, पुन्हा सुरू झालं.

"पंचवीस वर्सं छातीवर दगड होता, नंदे. तुह्या मायच्या टायमाले मी काहून नाही आलो... तुले सांगतलं तं मोकळं वाटून राह्यलं." ते रडत होते. बाबांना मी आईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं. "आन् तू म्हणली, जाऊ द्या बाबा, तुमचा इलाज नव्हता. मले नव्हतं वाटलं तू असं म्हणशीन."

मी स्टीअरिंग घट्ट धरून समोर पाहत राहिले. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. मी ब्रेक कधी लावला ते मला कळलंच नाही.

तेव्हापासून बाबा बदललेत. खिडकीत कुढत नाहीत. रात्री शांत झोपतात. सुई घेताना माझ्या डोक्यावर हात ठेवतात. एकदा मी धीर करून सुरुवात केली, "बाबा, आईच्या वेळी..." तर माझा हात थोपटून म्हणाले, "झालं न सारं बोलून. आता कायले उकरतं?"

काय बोलून झालं? कोणाशी? मला ओरडून सांगावंसं वाटतं की बाबा, ती मी नव्हते! मी तुमचे पाय चेपले नाहीत, मी विचारलं नाही, आणि मी माफही केलेलं नाही. करायचं की नाही, ते माझं मला ठरवायचं होतं. जी कोण होती तिने माझा चेहरा घेतला, माझा कुर्ता घेतला, आणि पंचवीस वर्षं मी जे करू शकले नाही ते तासाभरात उरकून निघून गेली. मला तिची भीती वाटत नाही. मला तिचा संताप येतो.

पण सांगितलं तर बाबा पुन्हा त्या खिडकीत जाऊन बसतील. म्हणून गप्प बसते.

ती कोण होती, कुठून आली, सुईत काय होतं — मला माहीत नाही, आणि कळेल असंही वाटत नाही. आईच्या वेळी बाबा का आले नाहीत, ते आता जगात दोघांना ठाऊक आहे. त्या दोघांत मी नाही.