फक्त तुमच्यासाठी

वांगं भाजल्याचा वास आला की मला किलवणीच्या रस्त्यावरची आमची खोली आठवते आणि हसू फुटतं. सिल्वासाच्या कंपन्यांत राबणारे आम्ही चौघे खानदेशी, आणि माझ्याखेरीज तिघेही मोबाइलवर पैसे लावून क्रिकेटच्या टीम बनवायचे. कोणाला घ्यायचं, कॅप्टन कोण, हे मोबाइलवरच मेसेज करून सांगणारा एक ‘एक्स्पर्ट’ होता, अर्थात फी घेऊन. मी तेव्हा कामगार संघटनेची पत्रकं वाटायचो, त्यामुळे खोलीतही भाषण ठोकायचो, “एवढं कळतं तर हा लुटारू स्वतः खेळून श्रीमंत का होत नाही?” उत्तर ठरलेलं, “तू भरीत घोट, भो!” एका संध्याकाळी आमच्यातले वयाने मोठे दादा पोरीच्या शाळेसाठी ठेवलेले पैसे भरून अख्ख्या सीझनचा सल्ला विकत घेणार होते. “आजचा कॅप्टन त्याने फक्त मला सांगितलाय,” ते हळूच म्हणाले, “विकेटकीपर.” दुसरा उडालाच, “मला तर ओपनर म्हणाला, तेही फक्त मला!” तिसऱ्याने गुपचूप मोबाइल पुढे केला. त्याच्या वाट्याला स्पिनर आला होता. “म्हणजे एकाचा तरी लागणारच,” दादा म्हणाले, “आणि उद्या हा एक्स्पर्ट त्या जिंकलेल्याचाच फोटो जाहिरातीत मिरवणार!” मग ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, शेजारचे धावत आले, त्यांनीही आपापले मोबाइल उघडले आणि चाळभर खिदळणं पसरलं. शाळेचे पैसे शाळेतच गेले. आता कोणी खात्रीचा सल्ला द्यायला आला की मी भाषण करत नाही, एवढंच विचारतो, “शेजारच्याला काय सांगितलंत?”