मेथीवरचा सोमल

मी बावीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि त्यातल्या एका हिवाळ्यात शेजाऱ्यांच्या मेथीवर विष टाकलं. दोन्ही कामं मनापासून केली.

नव्वदीच्या दशकाचा शेवट होता. इंदिरानगरात आमच्या बंगल्याच्या (दोन खोल्या, पण पत्रिकेत बंगलाच लिहायचा) कुंपणापलीकडे तेव्हा शेत होतं. सिंधूबाई आणि त्यांचे मालक भिकाजी तिथे मेथी, शेपू, झेंडू पिकवायचे. आमच्याकडून ताक जायचं, तिकडून कोथिंबीर यायची. आज तिथे सात मजले उभे आहेत आणि तिथल्या एकाही माणसाचं नाव मला माहीत नाही.

त्या वर्षी गारठा फार होता. माझा मेहुणा शिरीष सातपूरला एका कारखान्यात होता. तिथे पाणी गार करायचा जुना लाकडी मनोरा पाडला, त्याच्या फळ्या त्याने टेम्पोभर आणून आमच्या अंगणात ओतल्या.

"वीस वर्षं पाण्यात होत्या भाऊजी, पण एक फळी कुजली नाही," तो म्हणाला.

मी कौतुकाने मान हलवली. का कुजली नाही, हे विचारावं असं काही मला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून अंघोळीच्या पाण्याखाली त्या फळ्या जळू लागल्या. माझी बायको सुषमा चुलीपाशी थबकली.

"अहो, जाळ हिरवा दिसतोय."

"जुनं लाकूड आहे. त्यात काहीबाही असतं."

"काहीबाही म्हणजे काय?"

"पाणी तापलं का ते बघ."

महिनाभर आम्ही कढत पाण्याने नाहत होतो आणि खोकत होतो. खोकला थंडीचा, असं माझं निदान होतं. राख साठली तशी मला परोपकाराची उबळ आली. सिंधूबाईंच्या मेथीवर मावा पडला होता. मी कुंपणावरून बादल्या दिल्या आणि सोबत पोटॅश या विषयावर छोटंसं व्याख्यानही दिलं. सिंधूबाईंनी दोन वाफ्यांवर राख धुरळली. मावा चार दिवसांत गेला. मीही चार दिवस छाती काढून हिंडलो.

पुढच्या आठवड्यात कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. मी ज्योतीची परीक्षा दाखवत होतो. तारेवर क्षार घ्यायचा, ज्योतीत धरायचा, रंगावरून धातू ओळखायचा. ज्योत हिरवी झाली, की तांबं.

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, हिरवा जाळ नुसत्या लाकडाचाही असू शकतो का?"

"लाकडाचा जाळ हिरवा? कुठे पाहिलास?" मी हसून म्हणालो, आणि माझं हसू तोंडावरच राहिलं.

वर्ग लॅब असिस्टंटच्या हवाली करून मी ऑफिसातून शिरीषला फोन लावला.

"त्या फळ्यांना काही लावलं होतं का रे?"

"लावलं नाही, चांगलं पाजलंय आतपर्यंत. कीड लागू नये म्हणून. तांबं, क्रोमियम, आणि ते तिसरं काय... आर्सेनिक. का हो?"

आर्सेनिक म्हणजे सोमल. स्कूटर मी कशी चालवली ते आठवत नाही. पोचलो तेव्हा सिंधूबाई त्याच दोन वाफ्यांतल्या मेथीच्या जुड्या बांधत होत्या. सकाळी त्या जुड्या बाजारात जायच्या होत्या.

"सिंधूबाई, ही मेथी विकू नका. घरातही खाऊ नका."

"का वो सर? येवढी कवळी हे."

"मी दिलेल्या राखेत सोमल आहे."

त्यांचा हात थांबला. "सोमल म्हंजे, उंदराला घालत्यात त्यो?"

"तोच."

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. बोलले ते भिकाजी, तेही खाली बघून. "सरांनी दिली म्हनून तर टाकली आपन."

परीक्षेत नापास झालेली मुलं घरी कशी जात असतील, ते मला त्या क्षणी कळलं.

आम्ही चौघांनी तोंडाला फडकी बांधली, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि संध्याकाळपर्यंत दोन वाफ्यांची वीतभर माती, मेथीसकट, उपसली. उरलेली राख आणि चूलही त्यातच गेली. अकरा पोती भरली. मग प्रश्न आला, ती टाकायची कुठे?

घंटागाडीवाल्याने विचारलं, "काय हे यात?"

"माती आणि राख. पण विषारी आहे," मी प्रामाणिकपणे म्हणालो. त्याने घंटा वाजवली आणि आमची गल्ली सोडून पुढे निघून गेला.

मग मी सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "काम?"

"राखेची विल्हेवाट लावायची आहे."

त्याचा चेहरा मऊ झाला. "कोणाची?"

"माझी. म्हणजे, मी केलेली."

"रामकुंडावर जा. गुरुजी सगळं सांगतील," तो हळूच म्हणाला आणि त्याने माझ्यासाठी पाणी मागवलं.

गोदावरीत अकरा पोती सोमल सोडण्याचा तो सल्ला मी नम्रपणे नाकारला. शेवटी शिरीषनेच साहेबांचे पाय धरले. कारखान्यात विषारी गाळ साठवायचा सिमेंटचा बंद हौद होता. पोती तिकडे गेली आणि न जळलेल्या फळ्याही परत गेल्या. टेम्पोत मी पोत्यांवर बसलो होतो. वाटेत माझे दोन विद्यार्थी भेटले. त्यांनी आदराने नमस्कार केला. मी पोत्यासारखा निश्चल राहिलो.

सिंधूबाई पंधरा दिवस अबोल होत्या. मग एक दिवस कुंपणावरून कोथिंबीर आली, आणि सुषमाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वाफे मात्र भिकाजींनी दोन वर्षं पडीकच ठेवले, मग तिथे झेंडू लावला. झेंडू कोणी खात नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी ओळखीच्या गोठ्यातून शेणखत आणलं आणि भीतभीत एक पाटी कुंपणावर ठेवली.

"सिंधूबाई, तुमच्या शेपूला."

त्यांनी पाटीत वाकून पाहिलं, वास घेतला.

"शेनच हे ना सर?"

"शेणच आहे. नक्की."

"तसं नाय, पन थांबा जरा," त्या म्हणाल्या आणि आमच्या स्वयंपाकघराकडे बघून त्यांनी हाक मारली. "वहिनी, सर म्हनतात हे शेन हे. तुम्ही येऊन बघता का एकदा?"

वहिनी बी.ए. आहेत, मराठी घेऊन. त्या आल्या, त्यांनी पाहिलं आणि शेण असल्याचं सांगितलं. मग पाटी उचलली गेली.