सुमीला बसवून भरवायचं

"पोटुशी असताना ग्रहणात काय चिरलंस गं? भोपळा की वांगं?"

धुळ्यातल्या एका दवाखान्यात डॉक्टरनं माझ्या बायकोला विचारलं. भर व्हरांड्यात. स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. आमची सुमी तीन वर्षांची, मान धरत नव्हती, हातपाय आखडलेले. रांगेतले लोक हसले.

बायको म्हणाली, "मी काहीच कयं नही, साहेब. काही चिरलं नही."

"मग न्या घरी. असल्या पोरांना औषध नसतं."

मी टोपी हातात धरून उभा. लिहायला लाज वाटते, पण घरी मीही बायकोला तेच विचारायचो. तीन वर्षं.

फाटकाशी एक नर्सबाई मागून आल्या. "पोरीला भरवता कसं? दाखवा."

डब्यात पेज होती. बायकोनं पाय पसरले, सुमीला पायांवर उताणी घातली, बोंडल्याच्या चोचीनं पेज ओतली. आमच्याकडे लेकरांना असंच पाजतात. सुमीला ठसका लागला. निळी पडली. बाईंनी झटकन उचलून पालथी धरली, पाठ थोपटली.

रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अक्का, तुमच्या हातून काही पाप झालेलं नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. हिला बसवून भरवायचं."

मांडीवर सरळ बसवली. मान कोपरात, बोट हनुवटीखाली. पेज घट्ट, चमच्याच्या टोकावर थोडीशी. सुमीनं गिळली. बायको रडायला लागली. बाईंनी तिला रडू दिलं. मग वाटी माझ्यापुढे धरली.

"आता तुम्ही, भाऊ."

"हे बायांचं काम."

"अक्का तापानं पडल्या तर पोर उपाशी ठेवाल?"

मी वाटी घेतली. तेवढ्यात डॉक्टर तिथं आला. "बाई, या ढोरांना काय शिकवता?"

मी टोपी डोक्यावर घातली. "ढोर तर ढोर. शिकल्याबिगर इथून हालणार नही." वाटी घेऊन तिथंच बसलो, हाललो नाही.

बायको जाऊन दोन महिने झाले. सुमी आता तिशीची आहे. तेराव्याला भाऊबंद म्हणाले, "आबा, तिला आश्रमात टाका. तुम्ही किती पुरणार?"

मी म्हणालो, "ज्याला जेवायचं त्यानं आधी सुमीला एक घास भरवायला शिकायचं."

चौघं पुतणे उठून गेले. थांबवलं नाही. भावाची धाकटी सून पुढे आली, तिचा हात धरून शिकवलं. उद्या त्या पुतण्यांच्या दारात शिकवायला जाणार आहे, सुमीला पाठीवर घेऊन. हाकलतील. परवा परत जाईन.