आईची करवली

"कुणाचं लग्न आहे?" मेट्रनबाईंनी विचारलं. मी म्हटलं, "आईबापांचं." त्या म्हणाल्या, "रजा हवी तर धड कारण सांग, थट्टा करू नकोस."

त्यांना कुठून कळणार? आमच्याकडे, पेठ गावाच्या पलीकडच्या डोंगरात, माणसं आधी संसार मांडतात. पोरं होतात, मोठी होतात, आणि घरात चार दाणे जास्तीचे आले की मग लग्न लागतं. तोवर कुणी नावं ठेवत नाही. अडतं एकाच ठिकाणी. जिला स्वतःला हळद लागली नाही, तिनं दुसऱ्या कुणाला लावायची नाही, अगदी पोटच्या पोरीलाही नाही.

आई दरवर्षी विषय काढायची. बा म्हणायचा, "औंदा नको, भात हलका हाय." मग दोघं द्राक्षाच्या कामाला निफाडकडे जायची आणि लग्न राहायचं. बाचा मला तेव्हाही राग यायचा, अजूनही येतो.

त्या वर्षी आईचे डोळे पिवळे झाले. मी नाशिकच्या ज्या दवाखान्यात नर्स होते, तिथंच बानं तिला आणली. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. कावीळ वरवरची, खरं दुखणं आत पसरलंय, म्हणाले, घरी न्या. मी आईला काही बोलले नाही. पण पेठच्या एस.टी.त तीच म्हणाली, "मला हळद लागल्याबिगर जाता नाय यायचं. तुला कोण लावंल मग?" बानं खिडकीकडे तोंड फिरवलं. घरी पोचल्यावर पाणीसुद्धा न पिता तो मांडवासाठी बांबू तोडायला गेला.

लग्नाच्या सकाळी एका म्हातारीनं आईच्या गालाला हळद लावली आणि हात तसाच धरून राहिली. "हिच्या अंगावर दिसतच नाय गं," म्हणाली. बायका जवळ येऊन बघू लागल्या. आई म्हणाली, "वाट बघून बघून मीच आधी लावून बसले." मग सगळ्या हसल्या. मी गोठ्यामागं जाऊन रडून आले.

नवरा-नवरी एकाच घरातली, वरात आणायची कुठून? म्हणून बाला समोरच्या घरात नेऊन बसवला. मिशा पांढऱ्या, कपाळाला बाशिंग. गावातली पोरं विचारत होती, "पोरगी पसंत हाय ना? नायतर आत्ताच सांग." तो खिसे चाचपत होता. तंबाखूची चंची घरी राहिलेली. ती आणायला नवरदेव मागल्या दारानं नवरीच्या घरात शिरला, आणि चुलतीनं त्याला रंगेहाथ पकडला. "आधी लगीन, मग घरात," म्हणत तिनं त्याला हाकलला. संबळवाल्याला हसून हसून वाजवता येईना. आईही हसली, मग पोट धरून खाली बसली.

आईची करवली मीच. एका हातात करा-दिवा, दुसरा तिच्या पाठीला. पाठीची हाडं हाताला लागत होती. आमच्याकडे भटजी नसतो; लग्न लावणारी म्हातारी गाणी म्हणत होती, आणि मला वाटत होतं, आता आवर बाई, हिला उभं राहवत नाही. तांदूळ पडले. बानं विचारलं, "थकली का?" जन्मात पहिल्यांदा विचारलं असेल.

मांडवात भात आणि उडदाची आमटी वाढत होते, तेव्हा आईनं मला आत बोलावलं. तिच्या हातात उरलेल्या हळदीची वाटी होती.

"बस," म्हणाली.

"आई, माझं कुठं काय ठरलंय? असं आधी लावत नाहीत."

"आता हक्क हाय मला. तू बस."

तिनं पायांपासून सुरुवात केली. मग गुडघे, खांदे, गाल. तिनं काही म्हणून सोडलं नाही. दारात बा उभा होता, बाशिंग अजून कपाळाला.

"लय उशीर केला मी," तो म्हणाला.

"ते ऱ्हाऊ दे. पोरीच्या कपाळाला लाव. माझा हात पोचत नाय."

पेरण्यांच्या आधी आई गेली.

पुढे काही वर्षांनी माझं लग्न नाशिकला झालं, द्वारका चौकाजवळच्या एका हॉलमध्ये. लाइटिंग, व्हिडिओवाला, सगळा थाट. सासूबाई हळदीची वाटी घेऊन माझ्यापुढे बसल्या. मी पाय जवळ ओढून घेतले आणि म्हटलं, माझी हळद झालीय.