अळणी हात

मुलगी शाळेत जायला लागली की घरातूनच जेवणाचे डबे सुरू करायचे, हे थोरल्या सुनेच्या मनात कधीपासून घोळत होतं. शेवटी कोपऱ्यावरच्या छापखान्यातल्या बारा माणसांच्या जेवणाचं काम मिळायची वेळ आली. व्यवस्थापकाची अट एकच: तीन दिवस चव दाखवा, मग बोलू.

पहिल्या दिवशी डबे अर्धेअधिक तसेच परत आले.

"ताई, राग मानू नका," व्यवस्थापक म्हणाला, "पण आमची माणसं आजारी नाहीत हो."

तिने डब्यातली आमटी चाखली. कशाची उणीव आहे ते तिला कळेना. रात्री नवऱ्याने जेवताना मिठाची बरणी ओढली, मग मुलीने, तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सासऱ्यांचं छातीचं दुखणं निघाल्यापासून नऊ वर्षं ती स्वयंपाकात मीठ नावापुरतंच घालत होती. बाकीचे वरून घेत. एकट्या म्हाताऱ्याच्या पुढ्यात अळणी कसं वाढायचं, म्हणून ती मात्र त्यांच्यासारखंच जेवायची. तिची जीभ केव्हाच त्यांच्या बाजूला जाऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिने मन घट्ट करून हात सैल सोडला. निरोप आला, "आज काय समुद्रच पाठवलात?"

"अगं, मोजून घाल की," नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला माप होतं.

"मोजते हो. पण बरोबर झालं हे ओळखू कशी?"

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आमटीचा चमचा घेऊन घरभर फिरली. मुलगी म्हणाली, खारट. नवरा म्हणाला, किंचित कमी, आणि डबे न्यायला स्कूटर काढायला गेला.

"थोरले, इकडे आण," सासरे पलंगावरून म्हणाले. "माझी जीभ एके काळी पक्की होती."

तिने अर्धा चमचा दिला. त्यांनी डोळे मिटले. घोट गिळला तरी बराच वेळ ओठ हलत राहिले.

"बाबा, बरोबर आहे ना?"

"अजून एक दे."

"आधी सांगा तरी."

"दे गं. कुणाला सांगणार नाही मी."

त्यांनी हात पुढे केला होता. नऊ वर्षांत त्यांनी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. खाली नवरा हॉर्न वाजवत होता. तिने चमचा मागे घेतला, ओट्यापाशी आली आणि आमटी बरी आहे की वाईट हे काहीच न कळता एकेका डब्याचं झाकण लावत गेली.