वास घ्या, भाऊ

सकाळी नऊलाच झाळ लागत होती. होळी अजून पुढे होती, पण जळगावात ऊन कुणाला विचारून पडत नाही. मेहरूणच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वना भालेराव कीबोर्ड उलटे करून झटकत होता. रुईचे पुंजके, शेव, एकातून तर चुना लागलेली तंबाखू पडली. "माणसं शेत का डुकरं?" तो पुटपुटला. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, आता शहाण्णव सालात जिनिंगवाल्यांची कॉम्प्युटरं. गडी नरडाण्याकडचा, जिभेवरची अहिराणी गेली नव्हती.

तेवढ्यात स्टेशनजवळच्या जिनिंगमधून फोन आला. तिथला मॅनेजर लीलाधर ओरडत होता, "वना, तुझा हात लागला अन् सर्व्हर मेला! पळत ये."

सर्व्हर म्हणजे सगळ्या कारकुनांच्या फाइली साठवणारा एकच जुना डबा. तारेनं सगळे त्याच्याशी जोडलेले. तो दमायला लागला म्हणून वनानं आदल्या संध्याकाळी त्यातला प्रोसेसर काढून दुप्पट वेगाचा बसवला होता. ऐन वेळी लाइट गेली. झाकण उघडंच ठेवून तो म्हणाला होता, "सकाळी मी येईपर्यंत कोणी बटण दाबू नका."

वना लुनाला किक मारून निघाला. डोक्यात एकच. वनानं मशीन मारलं, एवढं वाक्य धुळ्यापर्यंत जायला एक दिवस पुरतो. मग कोणती जिनिंग त्याला दारात उभं करणार?

खोलीत शिरला तसा त्याच्या नाकात वास गेला. जळलेल्या प्लास्टिकचा, आणि त्याखाली दुसराच. गोठ्याचा. त्यानं बॅटरी मारली. प्रोसेसरभोवती पिवळट ओल, बोर्डावर काळा डाग, त्यात चिकटलेली दूर्वेची काडी.

"हाई काय शे, लीलाधरभाऊ?"

गादीवरून शेठचे काका मोतीलाल नाना बोलले, "गोमूत्र आहे. नवी वस्तू शुद्ध करून घेतली. मुहूर्तावर चालू करायला मीच सांगितलं."

"नाशिकचा इंजिनिअर हे मशीन बसवाले आला तव्हा शिंपाडं व्हतं का, नाना?"

नानांनी पानाची पिंक टाकली. त्या इंजिनिअरला त्यांनी स्वतःच्या डब्यातली सुपारी दिली होती, हे खोलीतल्या प्रत्येकाला आठवत होतं. वनाला मात्र पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कोणाचा रे तू?" आणि वनानं सरळ सांगितलं होतं, बौद्ध.

वना दोन पावलं मागे सरला. मुताच्या वासानं नव्हे. त्याला तो नवा नव्हता, त्याच्याही घरी म्हैस होती.

लीलाधरनं त्याला बाजूला घेतलं. "जाऊ दे ना. म्हातारा माणूस. आपण सांगू, लाइट कमीजास्त झाली. तुझं नाव नाही, त्यांचंही नाही. डिस्क तर चांगली आहे ना? फाइली काढ तेवढ्या."

"फोनवर तर मना हात व्हता. आते लाइट?"

"अरे बाबा..."

"डिस्क चांगली शे. दुसऱ्या मशीनला जोडसू. पण पहिले बठ्ठ्या कारकुनस्ले सांगा. फोनवर वरडनात तेवढा मोठा आवाज काढा."

लीलाधरनं नानांकडे पाहिलं, मग कारकुनांकडे वळला. "हे बघा, मशीनमध्ये जरा पाणी सांडलं..."

"पाणी?" वनानं बोर्ड उपसून त्याच्या नाकापाशी धरला. "वास घ्या, भाऊ. घ्या ना, पवित्र शे."

लीलाधरनं तोंड फिरवलं. एक कारकून फिसकन हसला. "नानांनी गोमूत्र शिंपडलं," लीलाधर अखेर म्हणाला, "आणि मी बटण दाबलं. वनाचा काही दोष नाही."

नाना धोतर सावरत उठून बाहेर गेले. जाताना वनाच्या सावलीला वळसा घालून गेले.

वनानं डिस्क काढली, पुसली, दुसऱ्या मशीनला जोडली. फाइली एकेक करून पडद्यावर आल्या. कारकून "वा रे वना" म्हणाले. त्याला ते शब्दही चिकट वाटले. सकाळी यांच्याच डोळ्यांदेखत शिंपलं, तेव्हा यांची दातखीळ बसली होती. चहा आला, तो त्यानं तसाच ठेवला.

घरी येऊन त्यानं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. बायको मंजुळाबाई आतून म्हणाली, "उनात का? पीठ सरनं. जेवाआधी दळन लई या."

वनानं ज्वारीचा डबा लुनावर पायांमध्ये ठेवला आणि चक्कीवर जाऊन रांगेत उभा राहिला.